एका फटक्याचा गडी

त्याला खेळता येत नव्हतं असं कुणी म्हणालं, तर मी आजही हातातलं काम टाकून भांडायला उठेन. दुखणं तेच आहे. खेळता येत नसतं तर आम्ही त्याला एका वर्षात विसरलो असतो, दुसरा कुणीतरी धरला असता, नाहीतर टीम मोडून गप घरी बसलो असतो. पण त्याला येत होतं. आमच्या भागात कुणाला येत नव्हतं तेवढं येत होतं, आणि ते त्यानं आमच्या कधी उपयोगाला येऊ दिलं नाही.

नाव लिहीत नाही. लिहिलं तर तो वाचेल आणि म्हणेल, "फोटो न्हाय घातला व्हय?" असला माणूस.

आमचं गाव खानापूरहून जांबोटीकडं जाणाऱ्या रस्त्याला. माझा साउंड सिस्टीमचा धंदा. लग्न, बारसं, गणपती, जे येईल ते. माईक माझा, त्यामुळं टेनिस बॉलच्या मॅचचं समालोचनही माझ्याच गळ्यात पडलं. मराठीत एकदा सांगायचं, कन्नडात एकदा सांगायचं, आणि मधेच कुणाची मोटरसायकल बाउंड्रीवर लावलेली असली तर ती काढायला सांगायची. टेबल अगदी दोरीला लागून असायचं. म्हणजे त्याचा प्रत्येक बॉल मी जवळनं बघितलाय, आणि प्रत्येक वेळी माझं रक्तही जवळनंच आटलंय.

अंगानं किडकिडीत, हात लांबलचक. बेळगावात एका वर्कशॉपला लेथ मशीनवर होता. बॅटिंगला निघाला की दोरीच्या बाहेर चपला काढायचा, देवळाबाहेर काढतात तशा, शेजारी शेजारी नीट लावून. मग अनवाणी आत. "पायाला माती कळाय पायजे," म्हणायचा. बॅटच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली, आणि त्या बॅटला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बॉलर निम्म्यात धावत आलेला असताना हा हात वर करून त्याला थांबवायचा. खाली वाकायचा, पीचवरचं एखादं बारकं ढेकूळ उचलायचा, आणि चालत बाउंड्रीपर्यंत जाऊन बाहेर टाकून यायचा. अकरा माणसं, दोन अंपायर आणि अख्खा गाव उन्हात उभा. मी माईकवर काय बोलणार? दुकानांच्या जाहिराती वाचायचो.

आणि मग तो फटका.

कव्हरच्या डोक्यावरनं जायचा. बॅट वर कधी गेली ते दिसायचं नाही. टेनिस बॉलला खरं तर आवाज नसतो, पण त्याच्या बॅटला यायचा, कोरडा, एकच. फिल्डर पाय हलवायचा नाही, नुसती मान वळवायचा. मी कितीतरी मॅची बघितल्यात, टीव्हीवर मोठमोठे बघितलेत, पण तसा फटका मला दुसरीकडं कुठं दिसला नाही. तो बसला की मी कन्नडात सांगायचंच विसरायचो.

तोही तिथंच उभा राहायचा, बॉल गेला त्या दिशेनं बघत. मग स्वतःशी मान हलवायचा आणि म्हणायचा, "झालं."

ते 'झालं' मी एवढ्या वेळा ऐकलंय की अजून कुणी जेवून उठताना 'झालं' म्हणालं तरी माझा हात माईक बंद करायला जातो. कारण त्याचं झालं म्हणजे झालं. पुढच्या एकदोन बॉलांत तो असा काही आऊट व्हायचा की दहावीतली पोरगीसुद्धा तो झेल घेईल. हातात अलगद. आणि येताना चेहरा कसा, तर नुकताच सत्कार करून सोडल्यासारखा.

"अरं, जरा थांबायचं न्हाय व्हय?" मी एकदा माईक बंद करून विचारलं.

"कशाला? काय ऱ्हायलंय आता?"

"मॅच ऱ्हायलीया की रं."

"ती तुमी जिंका," म्हणाला आणि चपला घालायला लागला.

पळायचं तर त्याच्या जिवावरच यायचं. बॉल लांब गेला नाही तर तो जागचा हलायचा नाही. समोरचा गडी निम्म्यापर्यंत आलेला असायचा, आणि हा ट्रॅफिक पोलिसासारखा तळहात दाखवून उभा. कुणी बोललं तर म्हणायचा, "एकेक धाव काय वेचायची? शेंगा हायत काय त्या?" त्याच्यापायी किती भली माणसं रनआऊट झाली, त्यांची मनं कशी असतील ते त्यांनाच विचारा.

प्रत्येक मॅचनंतर तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं, आमची पंचायत बसायची. ठराव एकमतानं व्हायचा, ह्याला आता बसवायचा. शिव्या तर अशा पडायच्या की त्या इथं लिहिता येणार नाहीत. ग्रुपवरनं त्याला काढून टाकायचे. आणि पुढच्या रविवारी सकाळी त्यातलाच कुणीतरी मोटरसायकल घेऊन त्याच्या दारात उभा असायचा. एकदा खरंच बसवला. त्याच्या जागी दुसरा गेला, बिचाऱ्यानं मन लावून खेळून चांगल्या वीस-पंचवीस धावा काढल्या, एकेक, दोन दोन. मॅच जिंकलोही. पण घरी जाताना कुणी त्या मॅचबद्दल एक शब्द बोललं नाही. आमच्या डोळ्यांना त्यानं लई वाईट सवय लावून ठेवली होती.

एकदा बेळगावच्या एका क्लबातले एक गृहस्थ त्याला बघायला आले. लेदर बॉलवर खेळवायचा, जमलं तर पुढं जिल्ह्याला न्यायचा, असा त्यांचा विचार. त्यांची गाडी गावात आली तेव्हा आम्हाला काय वाटलं असेल ते सांगत नाही. हा घरी नव्हताच. म्हैस व्यायला झाली होती, तिच्याजवळ गोठ्यात बसला होता. दोनदा निरोप धाडला. "सायबास्नी चा पाजा तवर," असं उत्तर आलं. चहा तीन वेळा झाला. मग हे महाशय आले, हातपाय न धुता. साहेबांनी बरोबर आणलेल्या पोरानं पहिला बॉल टाकला, ह्यानं सोडला. दुसरा सोडला. तिसरा कव्हरवरनं असा मारला की साहेब खुर्चीतनं अर्धे उठले. ह्यानं बॅट काखेत घेतली, त्यांच्याजवळ आला, नमस्कार केला आणि म्हणाला, "बघितलासा न्हवं? जातो मग. रेडकाला धरायला कोण न्हाय."

साहेब परत आले नाहीत. मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

आता आप्पांचं सांगतो, कारण त्यांच्यासाठीच हे सगळं आठवत बसलोय. माझं काय, मी माईकवाला. बुडालं ते आप्पांचं.

आप्पा म्हणजे टीमचे मालक म्हणा, गुरू म्हणा, वडील म्हणा. स्वतः तरुणपणी बॉलर होते, मग गुडघे गेले. त्यांचं रस्त्याकडेचं रान गावात सगळ्यात सपाट. आमच्याकडं भाताची सुगी झाली की जमिनीत ओल असते तोवरच मसूर टाकतात. पाणी द्यावं लागत नाही, दवावर येते. आमच्याकडची मसूर दाण्यानं बारीक, पण शिजली की घरभर वास सुटतो. बेळगावच्या बाजारात गिऱ्हाईक गावाचं नाव सांगून मागतं. असं असताना आप्पा दर वर्षी ते रान मोकळं सोडायचे. का, तर ह्याला सरावाला जागा पाहिजे. भात निघालं की धसकटं काढायची, मधे पीचपुरती तांबडी माती आणून टाकायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. सकाळी वर्कशॉपची बस यायच्या आधी आप्पा, तसल्या गुडघ्यांनी, त्याला बॉल टाकत बसायचे. आणि सकाळी हा जे खेळायचा ते स्वर्गातलं. बघायला कोण, तर आप्पा आणि बांधावरचे बगळे.

ह्याची झळ आक्कांना. आप्पांच्या बायकोला आम्ही सगळे आक्का म्हणतो. मसुरीच्या गावात मसूर विकत आणणारं एकच घर, ते त्यांचं. खानापूरच्या बाजारातनं आणायच्या आणि पिशवीत वरनं मेथीच्या पेंड्या ठेवायच्या, बसमध्ये कुणाला दिसू नये म्हणून. एकदा मेथी महाग होती म्हणून नुसती मसूरच आणली, तर शेजारणीनं विचारलंच, "काय आक्का, बाजारची मसूर गोड लागती काय?" आक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला हे त्यांनीच सांगितलं. आप्पांना सांगितलं नसावं, पण आप्पांना ठाऊक होतं.

शेवटी आप्पांनी घरात शब्द दिला. ह्या वर्षी खानापूरच्या टूर्नामेंटची ढाल आली तर ते रान कायम मैदान, आक्कांनी पुन्हा विषय काढायचा नाही. नाही आली तर पुढच्या सुगीला मसूर. हे त्यांनी त्याला माझ्यासमोर सांगितलं, रोलरवर बसून.

"आक्काला शब्द दिलाय बघ. एवढी ढाल आण. मग मी न्हाय, तू न्हाय, रान पोरांचं."

तो बॅटची ट्यूब आवळत होता. "बघू की," म्हणाला.

बघू की. मी त्याच वेळी ओळखायला पाहिजे होतं.

त्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो. गाव सगळं ट्रॉलीत. हलगी घेतली, गुलालाचं पोतं घेतलं. आमच्यात जिंकल्यावर ट्रॉलीत फेटा बांधायची पद्धत आहे. आप्पांनी त्याच्यासाठी कोल्हापुरी फेटा आणून पिशवीत ठेवला होता, मांडीवर. आक्कासुद्धा आल्या होत्या. मॅचला त्या कधी येत नसत. बायकांच्या बाजूला लांब बसल्या, तिथनं ओळखू येईना म्हणून मला खुणेनं विचारलं, कुठला आपला? मी बोटानं दाखवला.

सगळं सांगत बसत नाही. शेवटची ओव्हर, सात धावा पाहिजेत, शेवटची जोडी. दुसऱ्या टोकाला आमचा डेअरीवाला, टीममधला बॉलर, बॅट धरता येत नाही पण जीव टाकून पळणारा. बॅटिंगला हा. पहिलाच बॉल कव्हरच्या डोक्यावरनं चार.

तसा त्यानंही पुन्हा मारला नसेल. माझा आवाज फाटला. हलगी सुरू झाली. आणि आमच्या लोकांनी गुलालाचं पोतं फोडलं. अजून तीन धावा हव्या होत्या, पाच बॉल होते, आणि इथं माणसं लालभडक होऊन नाचत होती. असली घाई फक्त आमच्याच गावाला होते. आप्पा तेवढे बसून होते, फेट्याच्या पिशवीवर दोन्ही हात ठेवून.

मी त्याच्याकडं बघितलं. तो बॉल गेला तिकडं बघत होता. मान हलली. ओठ हलले. एवढ्या दंग्यात मला ऐकू आलं नाही, पण काय म्हणाला ते मला सांगायला नको.

पुढचा बॉल त्यानं कसाबसा ढकलला. फिल्डर लांब. आरामात एक, जोर केला तर दोन. डेअरीवाला निघाला. हा हलला नाही. तळहात दाखवून उभा. डेअरीवाला पार त्याच्याजवळ पोचला, तिथनं परत फिरला, घसरून पडला, उठला, पुन्हा पळाला. तोवर बॉल येऊन स्टंप उडाला होता. मॅच संपली.

माईकवर काहीतरी बोलायचं असतं. मी समोरच्या टीमचं अभिनंदन केलं, मराठीत आणि कन्नडात. तो चपला घालून सरळ माझ्या टेबलाकडं आला. मला वाटलं, डोळ्यांत पाणी असेल.

"अण्णा," तो म्हणाला, "चौकार कसा गेला ते सांगितलंस न्हवं माईकवर? मला तिथनं नीट ऐकाय आलं न्हाय."

परतताना वाटेत एका टपरीवर थांबलो. त्यानं भज्यांची प्लेट घेतली, एक तोंडात टाकलं आणि म्हणाला, "गार हायत." तेव्हा माझा ताबा सुटला. जे जे एवढी वर्षं माईकवर बोलता आलं नव्हतं ते सगळं मी त्या टपरीसमोर बोललो. आप्पांचे गुडघे काढले, आक्कांची मेथीखालची पिशवी काढली, एवढ्या सुग्यांची मसूर काढली. म्हटलं, "तुझ्यासाठी त्या माणसानं रान पडीक ठेवलं रं, आणि तुला दोन पावलं पळवंना?"

त्यानं भजं चावून गिळलं. मग शांतपणे म्हणाला, "मी सांगितलतं काय, ठेवा म्हणून?"

नव्हतंच सांगितलं त्यानं. कुणीच सांगितलं नव्हतं. आप्पा मागं उभे होते, त्यांनी ऐकलं. मला म्हणाले, "चल गा, गाडी सुटंल." ट्रॉली आमचीच होती, आमच्याशिवाय कुठं सुटणार होती?

त्या उन्हाळ्यात तो निपाणीकडं बोरगावला गेला. सासुरवाडी ती. मेव्हण्याचं वर्कशॉप आहे, तिथं लागला. जाताना आप्पांना भेटायला आला नाही. बॅट मात्र न विसरता नेली.

भात निघालं आणि आप्पांनी शब्द पाळला. रान नांगरलं, मसूर टाकली. फक्त मधली पीचची पट्टी तशीच सोडली. आक्का म्हणाल्या, "एवढं टक्कल कशाला मधी?" आप्पा म्हणाले, "माती लई घट झालीया. फाळ लागंना." मी त्या दिवशी बांधावरच होतो. फाळ त्यांनी त्या पट्टीच्या जवळपासही नेला नव्हता. आक्कांनाही दिसत होतं. पण त्या बियाण्याची टोपली घेऊन पुढं गेल्या, त्यांना त्यांची मसूर मिळाली होती.

मसूर फुलात असतानाची गोष्ट. निपाणीकडची कुठलीशी टूर्नामेंट मोबाईलवर लाइव्ह दाखवत होते. मी बांधावर बसून बघत होतो, आप्पा शेजारी येऊन बसले. बोरगावकडनं तो खेळत होता. मी मोबाईल फिरवायच्या आत त्यांनी बघितला.

तो पळत होता. एक, दोन, पुन्हा एक. समोरच्याला ओरडून बोलवत होता, पडत होता, उठून परत पळत होता. फटका एकही नाही. सगळ्या वेचलेल्या धावा. बघता बघता चाळीसच्या वर गेला, शेवटपर्यंत राहिला, मॅच काढून दिली. तिकडच्या लोकांनी त्याला खांद्यावर घेतला.

"पळतोय की ह्यो," आप्पा म्हणाले.

"व्हय."

"पायात काय हाय?"

"बूट घातल्यात."

आप्पांनी मोबाईल जवळ ओढून पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "घालणारच. तिकडं काळी जमीन. भेगा असत्यात, पायाला लागत्यात."

मला त्या माणसाच्या पाया पडावं की त्याला गदागदा हलवावं, कळेना. राग आला तो त्या दोघांचाही आला.

मसूर मळून झाली. मला निपाणीत एका लग्नाची ऑर्डर होती, ते कळल्यावर आप्पा सकाळी एक पिशवी घेऊन आले. "बोरगावला जाऊन दे एवढी. त्या रानावर त्यो वाढलाय, पहिली मसूर त्याला नको व्हय?" मी नाही म्हणणार होतो. पण पिशवी आक्कांनी स्वतः शिवून दिली होती.

तो अंगणात बाजेवर बसला होता, बॅटला तेल लावत. उठला, बस म्हणाला, घरात चहा सांगितला. आप्पा कसे आहेत, विचारलं नाही. मी पिशवी पुढं ठेवली, कुठल्या रानाची ते सांगितलं. त्यानं शिवण उसवली, आत हात घातला, मूठभर वर काढली आणि बोटांनी पसरून बघितली.

"दाणा बारीक हाय," तो म्हणाला.

मी चहाची वाट न बघता उठलो. गाडीला किल्ली लावली, तेव्हा मागनं त्याचा आवाज आला.

"अण्णा. पीच तेवढं सोडलं असंल न्हवं आप्पांनी?"

मी वळून बघितलं. तो बॅट बाजूला ठेवून उभा होता, अनवाणी. मूठ अजून मसुरीनं भरलेलीच होती.

"न्हाय," मी म्हणालो. "सगळं नांगरलं. पीचवर तर लई दाट आलती. तुझ्या हातात हाय ती तिथलीच."

त्यानं मूठ उघडली नाही. मीही थांबलो नाही. आप्पा अजून दर रविवारी सकाळी ती पट्टी झाडून घेतात, पाणी मारतात. त्याला हे दुसऱ्या कुणी सांगायचं तर सांगू दे. मी सांगणार नाही.